मागच्या रांगेतली कुजबुज

मागच्या रांगेत पुन्हा कुजबुज सुरू झाली. प्रोजेक्टरशेजारी बसलेल्या वर्ना मॅकीने डोळे मिटून घेतले. ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

पडद्यावर एक पाणमांजर गोठलेल्या तळ्याच्या भोकातून डोकं वर काढत होतं. चर्चच्या तळघरातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या तिनेच मांडल्या होत्या. दारातला बर्फ तिनेच ओढला होता, सूपही तिनेच घरून करून आणलं होतं. हिवाळाभर महिन्यातल्या एका रविवारी दुपारी गावाला रानातल्या प्राण्यांचा सिनेमा दाखवायचा, आणि लोक दारातल्या डब्यात जे टाकतील त्यातून शाळेतल्या मुलांना रानात शिकायला न्यायचं, असा हा उद्योग होता. पण आता लोक म्हणत, "हे सगळं घरी फोनवर दिसतं गं, वर्ना." ते काही खोटं नव्हतं. आज सिनेमा संपला की उभं राहून सांगून टाकायचं, हा शेवटचा, असं तिने ठरवलं होतं.

कुजबुज थांबेना. आर्विड लाह्टी आणि त्याच्या शेजारच्या घरातली शाळकरी बर्डी, नेहमीचीच जोडी.

हे सगळं वर्ना आणि आर्विडने मिळून सुरू केलं होतं. सिनेमा तिचा, रान त्याचं. तो मुलांना गुडघाभर बर्फात न्यायचा आणि ठशांवरून ओळखायला लावायचा, कोण गेलं, केव्हा गेलं, घाईत होतं की रमतगमत. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला त्याने एकाएकी अंग काढून घेतलं. "कंटाळा आला. दुसरं कुणी बघ," एवढंच म्हणाला. तिने मग दुसरा मास्तर शोधला. चांगला मुलगा होता, पण तो मुलांना कागदावरचं वाचून दाखवायचा. आर्विडशी वर्नाने बोलणं टाकलं. तरी तो प्रत्येक सिनेमाला यायचा. बर्डीच्या खांद्यावर हात टाकून ऐटीत आत शिरायचा आणि मागं बसून गप्पा हाणायचा.

आज दोघांना बाहेर काढायचंच, असं म्हणून वर्ना उठली. भिंतीकडेने मागे गेली आणि त्यांच्या खुर्च्यांमागे उभी राहिली.

"आता पोटावर घसरतंय," बर्डी सांगत होती. "गेलं खाली. परत वर चढतंय."

"एकटंच?"

"हो. नाही, थांबा. मागं आणखी एक आहे. छोटं."

"शेपूट कसं धरलंय त्याने?"

"कळत नाही."

"कळत नाही काय? नीट बघ की. तू नाही बघितलंस तर मला कोण सांगणार?"

वर्नाने तोंडातला शब्द गिळला. आर्विडचं तोंड पडद्याकडे नव्हतंच. कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून तो बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. बर्डीच्या खांद्यावरचा तो हात ऐटीचा नव्हता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

बर्डी दचकली. "मी नाही सांगितलं हं, आजोबा!"

आर्विडने बर्डीचा खांदा थोपटला. मग म्हणाला, "नजरेतलं मधलं गेलंय. कडेकडेने थोडं दिसतं. रानातल्या माझ्या शेवटच्या खेपेला एक पोर तळ्यावरच्या कच्च्या बर्फावर चालत निघालं होतं. ही ओरडली म्हणून वाचलं. माझ्यासमोरून गेलं, वर्ना, आणि मला दिसलं नाही."

"मग मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर रोज सूप घेऊन दारात उभी राहिली असतीस. त्यापेक्षा तुझा राग परवडला."

"अहो मागचे, जरा हळू!" पुढून कुणीतरी दटावलं.

वर्ना त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. तिचे पाय सकाळपासून भरून आले होते. बर्डी धसक्याने गप्प झाली होती. पडद्यावर बरंच काही चाललं होतं आणि कुणीच काही सांगेना. आर्विड मान तिरकी करून वाट बघत राहिला.

"दोघंही पाण्यात गेली," वर्ना हळूच म्हणाली. "आता नुसतं भोक आहे. पाणी हलतंय."

"बुडबुडे?"

ती पुढे झुकली. हा सिनेमा तिने घरी लावून आधीच पाहिला होता. बुडबुडे काही तिला आठवत नव्हते.

"आहेत," ती म्हणाली. "बर्फाखालून चाललेत. डावीकडे, काठाकडे."

"मग काठाशी दुसरं भोक असणार. तिथून वर येतील. बघत राहा."

"आली!" वर्नाच्या आधी बर्डीच ओरडली. आता पुढच्या रांगेतली माणसंही वळून हसली.

आर्विडही हसला. म्हणाला, "पुढच्या महिन्यात घुबडांचा लाव. मिट्ट काळोखातला. म्हणजे अख्खं गाव माझ्या रांगेत येईल."



"लावते," वर्ना म्हणाली. "पण मंगळवारी मुलं रानात निघालीत. तू चल."

"मी? मी काय बघणार तिथं?"

"बघायला पोरं आहेत, आर्विड. विचारायला कुणी नाही."