मनातल्या मनात

"काकू, फायली गेल्या. एकही अक्षर शिल्लक नाही," रेश्मा मयेकरने सरळ सांगून टाकलं आणि लगेच विचारलं, "पण गुरुजी टाइप करताना बोलायचे का?"

इंदुमतीबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांच्या यजमानांनी, तांडेल गुरुजींनी, बारा वर्षं खपून जमवलेला कोळ्यांच्या बोलीचा शब्दकोश त्या एकाच हार्ड डिस्कवर होता, आणि गुरुजी गेल्या आषाढात वारले होते.

"बोलायचे? अगं, प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्यांचं बोट हलायचं नाही. मी कावायचे नुसती."

"मग काम झालंच म्हणून समजा."

रेश्माला खात्री होती. डिस्कवर अक्षरं कोरणारी सुई खोलीतल्या आवाजानंही थरथरते आणि अक्षरं पुसली तरी ती थरथर ओळींच्या कडांना राहते. तिच्या दुकानात असे आवाज काढणं हे रोजचंच काम होतं. तिनं चकती यंत्रावर चढवली.

थोडी खरखर झाली आणि गुरुजींचा खणखणीत आवाज आला, "भांग. म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती."

मागून एक बाई करवादली, "अहो, मनातल्या मनात लिहा की! डोकं उठलं माझं!"

गुरुजी थांबले. यंत्रातून नुसती पंख्याची घरघर येत राहिली.

इंदुमतीबाई खुर्चीतून पुढे झुकल्या आणि यंत्राला म्हणाल्या, "तिचं ऐकू नका हो. बोला तुम्ही."

"मचवा," गुरुजी आधीपेक्षाही मोठ्यानं म्हणाले.