भाऊबीजेचा डोंगा

सिरोंच्याच्या घाटावर पाय ठेवताच वारलू हसला. काठाला बांधलेले सगळे डोंगे, म्हणजे लाकडात कोरलेल्या होड्या, निमुळते, गोल बुडाचे, नाक वर काढलेले. त्याचा एक डोंगा तेवढा रुंद, सपाट बुडाचा आणि बुटक्या काठांचा. मागच्या भाऊबीजेला त्याने तो स्वतः कोरून, ट्रकवर लादून बहिणीला, गोकुळाला, पाठवला होता.

"हे का डोंगे आहेत, जवाईबापू?" तो बहिणीच्या नवऱ्याला, इस्तारीला म्हणाला. "याच्यात उभं राहून जाळं टाकलं तं माणूसच जाळ्यासंग पाण्यात जाईन. आमच्या तलावात माह्या डोंग्यात नाचलं तरी हालत नाई."

इस्तारी काहीतरी बोलणार होता. गोकुळाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो वल्हं घेऊन वारलूच्या डोंग्यात चढला.

"चाल, भाऊ," ती म्हणाली. "ओवाळाच्या आधी तुले तुह्याच डोंग्यात फिरवून आणू."

काठाजवळ डोंगा खरंच पाटासारखा स्थिर चालला. वारलूने मनातल्या मनात आपली पाठ थोपटून घेतली. पण गोदावरीच्या धारेत शिरताच समोरून वारा आला. लाटा उठल्या, सपाट बूड त्यांच्यावर धपधप आपटू लागलं आणि पाणी बुटक्या काठावरून सरळ आत आलं. वारलूने दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला.

गोकुळाने पदर खोचला, पायाशी सुतळीने बांधलेला डालडाचा डबा उचलला आणि पाणी उपसू लागली. उपसता उपसता ती म्हशीच्या दुधाचं, शेजारणीच्या भांडणाचं सांगत होती. पाण्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

"रोजच उपसतेस?" वारलूने विचारलं.

"वारा असला तं."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"ओवाळणीले कोणी नावं ठेवते का, भाऊ?"

वारलूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर त्याने लाट नसलेल्या पाण्यासाठी डोंगे कोरले. नदीला डोंगा कसा लागतो, हे बहिणीला एकदा विचारावं असं त्याला सुचलंही नव्हतं. आणि त्याच्या हौसेपायी ही दोघं वर्षभर जीव मुठीत धरून जाळी टाकत होती.

बाजूने माणसांनी भरलेला एक निमुळता डोंगा लाटांवर चढत-उतरत आला. त्यातला म्हातारा ओरडून म्हणाला, "गोकुळाबाई, आता तरी आमच्या डोंग्यात येत जा. एखाद्या दिवशी बुडून जासान."

"माह्या भावानं देल्ला आहे," गोकुळा अभिमानाने म्हणाली. "हाच तो. यानंच कोरला."

त्या डोंग्यातल्या सगळ्यांनी वारलूकडे पाहिलं. त्याने बहिणीच्या हातातला डबा ओढून घेतला आणि पाणी उपसायला लागला. उपसताना मान खाली घालावीच लागते, तेवढाच त्याला आडोसा होता.