बाद केलेले उंदीर

विळीवर कापलेलं आईचं बोट अकरा महिने झाले तरी भरलं नव्हतं. इरावती रोजच्यासारखी पट्टी बदलायला बसली. कॅन्सरच्या पेशींना शरीरभर पसरू न देणारी लस तिनेच शोधली होती आणि साऱ्या देशाने ती हौसेने टोचून घेतली होती. आता जखम बुजवणाऱ्या पेशीही जागच्या हलत नव्हत्या.

"उंदरांवर प्रयोग केलेस, तेव्हा नाही का गं कळलं?" आईने विचारलं.

तीन उंदीर एकमेकांना चावले होते. त्यांच्या जखमा काही केल्या भरेनात, तेव्हा निष्कर्ष बिघडतील म्हणून इरावतीनेच त्यांना प्रयोगातून बाद केलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली.

"मग तुझा काय दोष?" म्हणत आईने पट्टी बांधलेला हात तिच्या पाठीवरून फिरवला.