अर्धा काळा पट्टा

“अर्धा कावून? पोरगी काय अर्धी हाय?”

शहादेवचा आवाज तेलगावच्या त्या मंगल कार्यालयात घुमला. एरवी जिथं पंगती बसतात तिथं आज लाल-निळ्या मॅट अंथरल्या होत्या. तायक्वांदोच्या बेल्टची परीक्षा होती. त्याच्या धनश्रीनं आत्ताच सगळ्यांदेखत एका लाथेत फळी मोडली होती. टेबलावर तिच्यासाठी काढून ठेवलेला पट्टा मात्र अर्धा लाल, अर्धा काळा.

परीक्षक मॅडम शहरातून आल्या होत्या. त्या चिडल्या नाहीत. “दादा, पंधरा पूर्ण झाल्याशिवाय पूर्ण काळा मिळत नाही. परीक्षा तीच, मार्क तेच. पण लाथ लवकर पिकते, डोकं उशिरा.”

शहादेवला नवल वाटलं. माणूस ऊसतोडीचा, पण चौकशीखोर. चार वर्षं क्लासच्या दाराशी उभा राहून त्यानं भागवत सरांचं डोकं खाल्लं होतं. पिवळ्यावरून एकदम लाल का देत नाहीत? मधे हिरवा, निळा कशाला? “ज्या रंगात आहे त्या रंगाचं काम आधी आलं पाहिजे,” सर सांगायचे. एकदा त्यानं बघितलं, लाल पट्ट्याचा दांडगा पोरगा पांढऱ्या पट्ट्याच्या चिमुरडीपुढं कमरेत वाकला. “मोठ्यानं ल्हानीम्होरं कावून वाकायचं?” सर हसले. “आज न वाकणाऱ्याला उद्या तीच लोळवती, शहादेवराव.”

त्याला हे लई आवडलं होतं. घरी जाऊन त्यानं बायकोला, वनिताला, वाकून दाखवलं. तिनं विचारलं, “पाठ धरली का?”

आणि याच माणसानं येत्या गुरुवारी धनश्रीचं लग्न ठरवलं होतं.

त्याचं कारण त्याच्यापाशी होतं. दिवाळीनंतर नवरा-बायको सहा महिने कारखान्यावर जायचे. धनश्री आजीपाशी राहायची. आजी चैत्रात गेली. आता पोर एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? त्यानं कॉम्प्युटरवाल्याकडून जन्माचा दाखला करून घेतला. दाखल्यात धनश्री अठराची झाली. महिन्यापूर्वी ग्रामसेवक हरिओम भाऊसाहेबांनी तो बघितला. बालविवाह अडवायचं काम सरकारनं ह्याच माणसाकडं दिलेलं. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, परत दिला. पोरीकडं एकदाही बघितलं नाही. असल्या साहेबांना कागद नीट दिसला की पोर दिसत नाही.

आज हरिओम भाऊसाहेब प्रमुख पाहुणे होते. पुढच्या सोफ्यावर बसून मोबाइल बघत होते.

होणारे व्याही रामेश्वरही आले होते. ते शहादेवच्या कानाशी लागले. “आमी पावण्यारावळ्यांत सांगून बसलो, सून काळ्या पट्ट्याची हाय म्हणून. आन् हे काय लाल-काळं?”

ते शहादेवला झोंबलं. त्यानं खिशातला घडी घातलेला दाखला काढून टेबलावर आपटला.

“बघा! अठरा पूर्ण. तुमच्या सरांनी फारम चुकीचा भरलाय.”

“अहो, नववीत आहे ती!” भागवत सर ओरडले.

“उशिरा घातली शाळंत. उसाच्या फडात तुमी काढलीवती का शाळा?”

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दाखला दोनदा वाचला. मग पेटीतून एक पट्टा काढून पहिल्याच्या शेजारी ठेवला. पूर्ण काळा.

“पोरगी एक आणि वयं दोन,” त्या म्हणाल्या. “जिच्या कमरेला पट्टा बांधायचाय, तिनंच सांगावं. खरं बोलायची शपथ तिनं पहिल्या दिवशी घेतलीय.” आणि माइक धनश्रीच्या हातात दिला.

शहादेवनं मान हलवून तिला खुणावलं. बोल धने, बोल. चार वर्षं रोज पहाटे अंगणात जिच्या लाथा त्यानं मोजल्या होत्या, ती आता काय म्हणते ते ऐकायला तो पुढं सरकला.

धनश्री वाकली. काळ्या पट्ट्याकडं तिनं एकदा डोळे भरून बघितलं.

“चौदा वर्षं, सात महिने,” माइकमधून आवाज आला. “मला अर्धाच द्या, मॅडम.”

“येडी का काय!” शहादेवच्या तोंडून निघालं. हातात आलेला पट्टा पोरीनं कावून सोडला? त्याला काही केल्या उमजेना. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ती ना पट्ट्याकडं बघत होती, ना मॅडमकडं, ना बापाकडं. ती बघत होती पुढच्या सोफ्याकडं. माइक अजून तिनं खाली घेतला नव्हता. हळूहळू हॉलमधली दोनशे माणसं तिकडंच बघायला लागली.

हरिओम भाऊसाहेबांनी मोबाइल खिशात घातला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग उठून उभे राहिले. महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी धनश्रीकडं नीट पाहिलं.

“शहादेव,” ते म्हणाले, “पोरगी चौदाची आहे, तर मग गुरुवारी नवरी कोण आहे?”