शाईपुरतं पाणी

त्र्यंबक गुरुजींनी चाळीस वर्षांपूर्वी एक कादंबरी लिहिली होती, माणूस चंद्रावर उतरतो अशी. तेव्हा पाथर्डीत सगळे हसले. एकोणसत्तरला रेडिओवर चंद्राची बातमी आली आणि तेव्हापासून गावात एकच बोललं जायचं, गुरुजी लिहितात ते खरं होतं. "अहो, ते विज्ञान होतं," हे सांगून सांगून गुरुजी थकले.

बहात्तरचा भाद्रपदही कोरडा गेला. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली. एक दिवस शेजारची बनुबाई दारात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, पाऊस पडला म्हनून लिवा."

"बनुबाई, लिहून पाऊस पडत नसतो. आणि शाईची वडी भिजवायलासुद्धा घरात पाणी नाही."

बनुबाई घरी गेली, आणि टँकरवर मिळालेल्या पाण्यातलं तांब्याभर घेऊन आली.

"ह्ये घ्या. पोरांच्या वाटचं हाय, सांडू नका."

गुरुजींनी दोन पानं पाऊस लिहिला.

 

मग आयुष्यभर पंचांगाला हसलेले गुरुजी उठले, आणि घरातला रिकामा हंडा त्यांनी पन्हळीखाली नेऊन ठेवला.