बंद नळ

साहेब, राजधानीत, सोफियात बसून आमच्या गावाचं पाणी तुम्ही तोडलंत, आणि वर आम्हालाच उतावळे म्हणता. तीन उन्हाळे इथे कुणी नळ बंद केलेला नाही. पाणी आलंच तर आवाज व्हावा म्हणून खाली पत्र्याची बादली ठेवलेली असते. शेजारचे राडोय आजोबा रोज सकाळी त्या कोरड्या नळाला आईमाईवरून शिव्या घालायचे.

“अरे म्हाताऱ्या, नळाला पाय असते तर केव्हाच पळाला असता!” त्यांची बायको पेन्का आजी हसायची.

काल आजोबांनी नळ घट्ट पिळून बंद केला आणि बादलीत कांदे भरले.

“हे काय केलंस? शिव्या घाल की रे!” आजी रडवेली झाली. आजोबा कांदेच रचत राहिले.

आज तुमच्या पाणीखात्याच्या माणसाने तो बंद नळ बघून लिहून नेलं, “तक्रार नाही.”

साहेब, उद्या पाणी सोडलंत, तरी आजोबांना ते कळणार कसं? बोला.