फेस का बसतो

फेस पुन्हा बसला होता. सकाळी कामावर निघताना माशांच्या टाकीतल्या नळीच्या तोंडाशी घट्ट तपकिरी फेस चढलेला, वरच्या डब्यात घाण थेंबाथेंबानं पडतेय. आणि आता संध्याकाळी पाहावं तर नळीत नुसतं पाणी, बुडबुडे वर येऊन फुटताहेत.

"आजपण?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"आजपण!" त्यानं हत्यारांची पिशवी जमिनीवर आपटली.

तो एसी दुरुस्त करणारा. दिवसभर लोकांच्या खोल्या गार करायच्या आणि घरी येऊन स्वतःचं डोकं तापवून घ्यायचं, असं चाललं होतं. खाऱ्या पाण्याची ही टाकी त्यानं हौसेनं आणली होती, पण आता हौस कुठली! आईला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, एक बाजू गेली. डॉक्टरांनी तर सरळ सांगितलं, उजवा हात विसरा. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायची.

मग त्यानं टाकी तिच्या पलंगाला चिकटवून एका बसक्या स्टुलावर ठेवली. पडल्यापडल्या तिला आतलं दिसावं, एवढाच हिशेब. आईनं मान वळवली. पांढऱ्या पट्ट्यांचे तीन केशरी मासे फिरताना बघत ती चार घास जेवली. त्या दिवशी तो गॅलरीत जाऊन लहान पोरासारखा रडला.

त्यातला एक मासा मेला, आणि आईनं पुन्हा तोंड मिटलं. कसंबसं विनवून तिला जेवायला लावलं. उरलेले दोघेही आता पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकत होते. ते गेले तर आई काय करणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पाण्यातली घाण उपसायला स्किमर हवा होता. दुकानातला टाकीत मावेना, म्हणून त्यानं घरीच केला. एक रुंद पाइप, बाटलीचा डबा, हवेचा पंप आणि तळाशी लाकडाचा ठोकळा. पंपाच्या हवेनं ठोकळ्यातून बारीक बुडबुडे निघतात, घाणीला चिकटून वर येतात, फेस होऊन डब्यात पडतात. पाइप आडवा यायचा, म्हणून टाकीचं झाकण काढून ठेवलं. पहिल्या दिवशी काळपट पाणी डब्यात पडलं तेव्हा त्यानं चक्क शिट्टी मारली. दुसऱ्या दिवसापासून हे असं.

पंप तपासला, ठोकळा बदलला, सांधे पुन्हा चिकटवले. सगळं ठणठणीत. शेवटी हात टेकले आणि जिथून मासे घेतले होते त्या म्हाताऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"सकाळी चढतो आणि संध्याकाळी बसतो?" दुकानदार म्हणाला. "मग पंपाच्या मागे कशाला लागलायस? कुणीतरी टाकीत हात घालतंय. तेलकट हात. जरासं तेल लागलं तरी फेस मरतो, मग रात्रभरात हळूहळू सावरतो. दिवसा घरी कोण असतं?"

त्यानं फोन ठेवला. घरी आई आणि बायको. बायको रोज दुपारी आईचं अंग तेलानं चोळायची. आणि टाकीला तर ती पहिल्यापासून पाण्यात पाहत आलेली. खोली अडते, मीठ सांडतं, पंप कानाशी गुरगुरतो.

"तू टाकीत हात घालतेस?" त्यानं विचारलं.

"मी? मी शिवतसुद्धा नाही त्या टाकीला."

"मग तेल काय आभाळातून पडतं?"

तिच्या हातातला डाव तसाच राहिला. "म्हणजे मी मासे मारतेय? अहो, त्यांच्या जिवावर आई जेवतात. माझ्या हातून जेवतात!"

"तुला टाकी नकोच होती."

"नकोच होती! म्हणून मी आईंच्या तोंडचा घास काढीन?" तिचा आवाज फाटला. "उद्या ठेवा पहारा माझ्यावर. खुशाल ठेवा. पण मी खरी निघाले ना, तर मी या घरात राहणार नाही."

पलंगावरून आईचा घुसमटलेला आवाज आला. ती काहीतरी सांगू पाहत होती, पण शब्द फुटत नव्हता. आपल्या भांडणाचा तिला त्रास होतोय असं वाटून तो वरमला, तिच्या कपाळावर हात फिरवून बाजूला झाला.

तरी त्यानं पहारा ठेवलाच. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा पिशवी घेऊन निघाला आणि दुपारी मागच्या दारानं चोरासारखा स्वयंपाकघरात शिरून बाहेरच्या खोलीच्या पडद्याआड उभा राहिला. टाकीतला एक मासा तळाशी कलला होता.

बायकोनं आईला चोळून संपवलं. मोरीवर येऊन कोपरापर्यंत साबण लावला, पुन्हा लावला, हात खळखळून धुतले. टाकीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. कपडे धुवायला ती न्हाणीघरात गेली. आपण किती खालच्या थराला गेलो, असं वाटून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झालं समाधान? पडद्याखालून पाय दिसतात तुमचे."

तो दचकून वळला. न्हाणीघराच्या दारात ती उभी होती, हातात ओल्या कपड्यांची बादली. डोळे कोरडे होते, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

"ऐक, माझं चुकलं," तो पुटपुटला.

"मी बॅग भरते."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून पाण्याचा चुळुक असा आवाज आला. दोघंही जागच्या जागी थांबले. घरात तिसरं कुणीच नव्हतं. तिनं बादली खाली ठेवली. त्यानं पडदा बाजूला सारला.

आईचा डावा हात तिच्या पोटावर होता. टाकीच्या काठावरून पाण्यात उतरला होता तो उजवा, आणि त्याची बोटं हलत होती.